धर्मग्रामाची वही व घरची आठवण

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाचा इतिहास सांगितला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु देऊळ म्हणजे केवळ दगडचुना नव्हे. धर्मग्रामाचा खरा इतिहास म्हणजे त्यांतील घराण्यांचा इतिहास होय. तो कोठें सांपडतो व कोठें हरवतो, याविषयीं आम्ही वाचकांपुढें चार शब्द ठेवूं इच्छितों.

लग्नांची व बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याची शिस्त सर्वत्र लागली ती त्रेंतच्या धर्मसभेनें इ. स. १५६३ मध्यें केलेल्या ठरावामुळें. गुप्तपणें लावलेल्या लग्नांतून फसवणूक व तंटे होत, त्यांस आळा घालणें हा त्यांतील एक हेतु होता. इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृतांची वहीही आवश्यक ठरविली. पुढें इ. स. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या फर्मानानें लग्नाची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीजवळ लिहिण्याचा दंडक घातला; तो आजही पाळला जातो. त्यामुळें शोधणारास वाट सांपडते. आजोबांच्या लग्नाच्या नोंदीवरून त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद, तींत आईबापांचीं व धर्मपित्याचीं नांवें, आणि तेथून आणखी एक पिढी मागें.

परंतु वहीस एक उणीव आहे. आपल्या वसई प्रांतांत डिसिल्वा, लोपीस, परेरा हीं पोर्तुगीज अंमलांतील आडनांवें वाडोवाडीं पसरलीं आहेत. नांव तेंच, आडनांव तेंच, बापाचें नांवही तेंच, असे दोन पुरुष एकाच वहींत आढळले म्हणजे आमची लातीन कुंठित होते. मग एखाद्या वृद्ध आजीस विचारावें. ती तत्काळ सांगते, हा विहिरीवरचा व तो चिंचेखालचा; याची आई अमुक वाडीची, आणि त्याच्या हातचा मळा असा होता. वहींतील ‘आन्ना’स घरीं कोणत्या नांवानें हाक मारीत, हें देखील तीच जाणते.

घर किती जपून ठेवतें, यास इतिहासाची साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें गोव्यांत छापलें गेलें, व त्याच शतकांत आणखी दोनदां. त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हां छापतां आलें, तें भाविकांनीं जपलेल्या हस्तलिखितांमुळें. तसेंच, इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला व किल्ल्यांतील मठ ओस पडले. तरी वाड्यांतील श्रद्धा विझली नाहीं. संत पौलानेंही तीमथ्याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस हिच्या ठायीं दाखविला आहे.

आज आपलीं पुष्कळ नातवंडें दूरदेशीं वाढत आहेत. कित्येकांस आजीची बोली समजत नाहीं. वृद्ध माणसें एकामागून एक जात आहेत. मृतांच्या वहींत आम्ही जी एक ओळ लिहितों, तींत त्यांस ठाऊक असलेल्या गोष्टींपैकीं एकही येत नाहीं. हें नुकसान मागाहून भरून निघत नाहीं.

म्हणून आमचें विनवणें इतकेंच कीं, प्रत्येक घरीं एक वही असावी. तींत पूर्वजांचीं नांवें, वाडी, आज्यांचीं माहेरें व धंदे लिहावे. जुन्या छायाचित्रांमागें नांवें घालावीं. नातवंडाच्या बाप्तिस्म्याचा दिवस दरसालीं पाळावा. त्या संध्याकाळीं जपमाळ झाल्यावर मुलास जवळ घेऊन त्याचें नांव कोणावरून ठेविलें तें आजोबांनीं सांगावें, व मुलानें तें आपल्या हातानें वहींत लिहावें. पोप फ्रान्सिस यांनीं इ. स. २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठीं नेमून दिला. वहीस आरंभ करण्यास तोही दिवस उत्तम.

असो. संत मत्तयानें आपलें शुभवर्तमान वंशावळीनेंच आरंभिलें, आणि चौदा चौदा पिढ्यांचे तीन भाग मोजून तो बाळ येशूपर्यंत पोंचला. आपल्याही वहींत पूर्वजांचीं नांवें लिहून झाल्यावर नातवंडांचीं नांवें लिहावीं, आणि त्यांखालीं पुढच्यांसाठीं जागा मोकळी सोडावी.