फरशीखालची ऊब आणि पवनारचा उन्हाळा

वर्धा : घराच्या फरशीखाली नळ्या पसरून त्यांतून कोमट पाणी फिरवायचे आणि संपूर्ण खोली उबदार ठेवायची, ही पद्धत थंड देशांत सर्वपरिचित आहे. प्राचीन रोममधील स्नानगृहांत जमिनीखालून गरम हवा खेळवली जाई. कोरियातील ‘ओन्डोल’ पद्धतीत चुलीचा धूर फरशीखालून नेण्यात येई. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी 1937च्या सुमारास अमेरिकेतील घरांत ही कल्पना नव्या रूपात वापरली.

धाम नदीकाठच्या पवनारला मात्र अशा उबेची गरज क्वचितच भासते. येथील हिवाळा अल्पकाळाचा. खरी परीक्षा घेतो तो मे महिन्याचा उन्हाळा, पारा 45 अंशांपर्यंत नेणारा. त्यामुळे वर्धा-नागपूर पट्ट्यात घर बांधणाऱ्यांसाठी हेच तंत्र उलट दिशेने, म्हणजे थंडाव्यासाठी, वापरता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कार्यपद्धती
उष्णतारोधक थरावर साधारणतः 16 ते 20 मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिक नळ्या 15 ते 20 सेंटिमीटर अंतराने अंथरतात. त्यावर सिमेंटचा थर देऊन फरशी बसवतात. गारवा हवा असल्यास नळ्यांतून गार पाणी फिरते. माणसाच्या शरीरातील व भिंतींतील उष्णता फरशी शोषून घेते. पायांना त्रास होऊ नये म्हणून फरशीचे तापमान 19 ते 29 अंशांच्या दरम्यान राखावे लागते.

भारतात या तत्त्वाचा ठळक प्रयोग इन्फोसिसने हैदराबाद येथे 2011मध्ये केला. एकाच इमारतीच्या एका भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा, तर दुसऱ्या भागात स्लॅबमधील नळ्यांतून गार पाणी, अशी ती रचना होती. दुसऱ्या भागात वातानुकूलनाचा वीजवापर सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

दवबिंदूची मर्यादा
हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असताना दवबिंदू 14-15 अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे 22 अंशांची फरशी कोरडीच राहते. पावसाळ्यात 28 अंश तापमान व 85 टक्के आर्द्रतेत तो 25 अंशांवर जातो. त्या वेळी तीच फरशी ओली होऊन निसरडी बनते. वाळ्याचा कूलरही खोलीतील आर्द्रता वाढवतो. त्यामुळे कूलर आणि गार फरशी यांची जोडी जमणे कठीण. पावसाळ्यात यंत्रणा बंद ठेवणे किंवा हवा कोरडी करणे, हेच दोन मार्ग उरतात.

आधी छत, मग फरशी
खोल विहिरीच्या पाण्याचे तापमान स्थानिक हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असते. तापलेल्या खोलीला त्याचा काही लाभ होतो. परंतु ऐन उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असताना ते वाया न घालवता बंद चक्रात फिरवणे किंवा बागेला देणे आवश्यक आहे. शिवाय नळ्या बांधकामाच्या वेळीच टाकाव्या लागतात. नंतर दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागते.

पवनारपासून जवळच असलेल्या सेवाग्राम आश्रमातील 1936चे आदिनिवास आणि बापूकुटी पाहिल्यास स्वस्त उपाय ध्यानात येतो : मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, सावलीचे ओसारे. उन्हात तापणारा उघडा स्लॅब तसाच ठेवून फरशी गार करणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखेच. छताला सावली आणि भिंतींना आडोसा दिल्यानंतरच फरशीखालच्या नळ्यांवरील खर्चाचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.