बुडालेली द्वारका आणि भोजकटची साक्ष

पाण्याखालीं गेलेल्या नगरीची गोष्ट ऐकून ज्याचें कुतूहल जागें होत नाहीं असा मनुष्य विरळाच. हल्लीं महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी मेजाभोवतीं बसून, फांसे टाकीत, एक कथाखेळ खेळतात. प्रत्येकानें एकेका वीराचें सोंग घ्यावयाचें, अनेक पराक्रम करून वरच्या पायरीस पोंचलेल्या त्या वीरांनीं समुद्रतळींच्या भग्न प्रासादांत उतरावयाचें, आणि तेथील राक्षसी जलचरांशीं झुंजून आंतला ठेवा वर आणावयाचा. खेळ परदेशांतून आला आहे खरा. परंतु त्यांतील कथासूत्र आपणांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. समुद्रांत शिरून असुरास मारणारा वीर आणि समुद्राच्या पोटांत गेलेली राजधानी या दोन्ही गोष्टी आपल्या पुराणांत एकाच पुरुषाच्या चरित्रांत आल्या आहेत. आणि त्या चरित्राचा एक धागा वऱ्हाडांत, अमरावतीजवळच्या भातकुलीपर्यंत येऊन पोंचतो.

भातकुली हें आज अमरावती जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. तेथील आदिनाथाच्या मंदिरामुळें जैन बांधव त्यास तीर्थक्षेत्र मानतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तें मोडत असल्यामुळें तिकडील विहिरींचें पाणी खारट. समुद्र मात्र शेंकडों मैल दूर. परंपरा या गांवास भोजकट म्हणून ओळखते. वर्धेकांठच्या कौंडिण्यपुराहून श्रीकृष्णानें रुक्मिणीस नेलें, तेव्हां कृष्णास मारल्यावांचून कुंडिनपुरांत पाऊल ठेवणार नाहीं अशी प्रतिज्ञा करून तिचा भाऊ रुक्मी पाठलागास निघाला. पराभव झाल्यावर तो परत गेला नाहीं. त्यानें भोजकट वसविलें व तेथेंच राहिला. पुढें याच भोजकटांत, नातीच्या लग्नप्रसंगीं मांडलेल्या द्यूतांत, बलरामाच्या हातून त्याचा अंत झाला. तात्पर्य, रुक्मिणीचें माहेर वर्धेकांठीं, भावाचें घर भातकुलीस, आणि सासर द्वारकेस. यांपैकीं सासरची नगरी समुद्रानें गिळली, असें महाभारताचें मौसलपर्व सांगतें.

द्वारकेच्या समुद्रांत कांहीं सांपडल्याची वार्ता आली कीं वऱ्हाडांत तिचें विशेष कौतुक होतें, त्याचें कारण हें नातें. द्वारका सिद्ध झाली कीं कौंडिण्यपूरही सिद्ध झालें, असा हिशेब पुष्कळ जण मनांत मांडतात. हा हिशेब कितपत बरोबर आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम असुराची गोष्ट घेऊं. सांदीपनींचा पुत्र प्रभासक्षेत्रीं समुद्रांत नाहींसा झाला होता. गुरुदक्षिणा म्हणून तो परत आणावा, अशी मागणी झाली. शंखरूपानें पाण्यांत राहणाऱ्या पंचजन दैत्यानें मुलास नेलें, असें समुद्रानें सांगितलें. कृष्णानें पाण्यांत शिरून त्यास मारलें. परंतु त्याच्या पोटांत मूल नव्हतें. हातीं आला तो शंख, पांचजन्य. मुलासाठीं त्यास पुढें यमाच्या नगरीस जावें लागलें. या कथेची थोरवी अशी कीं, तींत शंखालाच कोणी मूल म्हटलें नाहीं. जें शोधावयास गेलों तें निराळें आणि जें सांपडलें तें निराळें, हा भेद कथाकारानें स्वच्छ राखला आहे.

आतां आधुनिक शोधाकडे वळूं. १९६३ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें, ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखालीं, द्वारका गांवांत उत्खनन केलें. तें काम झैनुद्दीन अन्सारी व म. श्री. माटे यांनीं पाहिलें, आणि त्याचा वृत्तांत १९६६ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथील वस्तीचा आरंभ त्यांस इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागें जातांना दिसला. पुढें लोथलचे उत्खननकर्ते शि. रं. राव यांस १९७९-८० मध्यें द्वारकाधीशाच्या देवळापुढील अंगणांत जुन्या मंदिरांचे अवशेष मिळाले. त्यानंतर १९८३ पासून गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांसह ते प्रत्यक्ष समुद्रांत उतरले.

या कामांत जलराक्षस भेटले नाहींत. परंतु अडचणी कांहीं कमी नव्हत्या. लाटांचा हेलकावा पाणबुड्यास एका जागीं ठरूं देत नाहीं. गढूळ पाण्यांत हातभर अंतरावरचें दिसेनासें होतें. दगडांवर सागरी वनस्पती व शिंपले यांचें असें दाट कवच चढलेलें असतें कीं, तें खरवडल्यावांचून दगड घडविलेला कीं निसर्गाचा हें उमगत नाहीं. पावसाळ्यांत तर कामाचें नांवच नको. अशा स्थितींत घडीव दगड, बांधकामाचे तुकडे व मोठ्या संख्येनें दगडी नांगर यांची नोंद झाली. बेट द्वारकेस उत्तर हडप्पा काळच्या धर्तीची, तीन तोंडांच्या प्राण्याची शंखाची मुद्रा मिळाली. तेथील खापरांचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १५०० असा आला. रावांनीं यावरून महाभारतांतील द्वारका सांपडल्याचा निष्कर्ष काढला. द्वारकेच्या नागरिकांनीं ओळखीसाठीं मुद्रा बाळगावी असा उल्लेख हरिवंशांत आहे, त्याशीं त्यांनीं ही मुद्रा जोडली.

याच संस्थेंतील अ. सिं. गौर, सुंदरेश आदि संशोधकांनीं पुढें तोच तळ पुन्हां तपासला, तेव्हां अर्थ बदलला. दगडी नांगरांत त्रिकोणी व लांबट चौकोनी असे प्रकार आहेत. वरच्या भोंकांत दोर ओवावयाचा व खालच्या दोन भोंकांत लांकडी दांडे बसवावयाचे, म्हणजे नांगर तळास धरतो. अशा तऱ्हेचे नांगर ऐतिहासिक काळांत अरबी समुद्रावरील गलबतें सर्रास वापरीत; कोंकणांत विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांच्या आसपासही दगडी नांगर मिळाले आहेत. तेव्हां द्वारकेच्या समुद्रांतील पुष्कळशा वस्तु बुडालेल्या राजवाड्याच्या नसून गजबजलेल्या बंदराच्या असाव्यात, असें या संशोधकांचें म्हणणें पडलें. शिवाय नुसत्या दगडाचें वय काढतां येत नाहीं; तें त्याजवळच्या खापरावरून वा लांकडावरून ठरवावें लागतें, आणि लाटांनीं घुसळलेल्या तळावर थर शाबूत राहत नाहींत. एकाच खडकाशेजारीं दहा शतकांचे नांगर पडलेले असूं शकतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें २०२५ च्या फेब्रुवारींत तेथें पुन्हां शोध आरंभिला, यावरूनच प्रश्न मिटलेला नाहीं हें उघड आहे.

मग हातीं कांहींच आलें नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. ज्या किनाऱ्यावर हडप्पा काळच्या नागेश्वर गांवीं शंख कापून बांगड्या होत, तेथेंच पुढें शतकानुशतकें तारवें येऊन थांबत, ही लहान गोष्ट नव्हे. त्या खलाशांचीं नांवें कोणत्याही पुराणांत नाहींत. त्यांची आठवण त्या भोंकें पाडलेल्या दगडांनींच राखली. हा आपला शंख आहे. त्यास मूल म्हणण्याचा हट्ट धरला, तर मूल तर मिळत नाहींच, शंखही हातचा जातो.

आतां भोजकटाची साक्ष पाहूं. अचलपुराजवळ चम्मक येथें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला. भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या कांठचें चर्मांक गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत लिहिलें आहे. म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकांत वऱ्हाडांत भोजकट नांवाचा प्रदेश होता, हें निश्चित. भातकुली हेंच त्याचें मुख्य ठिकाण, हें नामसादृश्य व परंपरा यांवर आधारलेलें संभवनीय अनुमान. आणि तें रुक्मीनें वसविलें, ही कथा. कौंडिण्यपूरचेंही असेंच. १९६२ ते १९६४ या काळांत मो. गं. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें व सातवाहनकाळच्या आणि त्याहूनही जुन्या वस्तीचे थर उजेडांत आणले. त्यांत रुक्मिणीचें नांव कोठें कोरलेलें नव्हतें. तरी आषाढीस तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास निघते, तिला त्या थरांचा दाखला लागत नाहीं. निश्चय, अनुमान व श्रद्धा यांचे कप्पे वेगळे राखल्यानें श्रद्धेचें नुकसान होत नाहीं. ते एकत्र कालविले म्हणजे मात्र इतिहास बिघडतो, आणि उद्यां नवा पुरावा आला कीं श्रद्धेसही विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागतें.

एक गोष्ट शेवटीं वऱ्हाडकरांस सांगावीशी वाटते. द्वारका बुडतांना पाहणारांपैकीं कोणी घरांची वा विहिरींची यादी करून ठेवली नाहीं, म्हणून आज पाणबुड्यांस चांचपडावें लागतें. बुडणारीं गांवें मात्र आपल्या काळांतही आहेत. भीमेवरील उजनी धरणांत पळसदेवचें देऊळ गेलें. उन्हाळ्यांत पाणी उतरलें म्हणजे तें वर येतें. वर्धेवर मोर्शी तालुक्यांत सिंभोऱ्यास जें धरण झालें, त्याच्या जलाशयास विदर्भकन्येच्या स्मरणार्थ नल-दमयंती सागर असें सुंदर नांव मिळालें आहे. त्याच्या पाण्याखालींही कोणाचीं तरी घरें, पार व शेतें गेलीं. तीं पाहिलेलीं माणसें अद्याप हयात आहेत. कोणत्या शेतास काय नांव होतें, विहिरीचें पाणी गोडें होतें कीं खारें, मारुतीचें तोंड कोणत्या दिशेस होतें, हें त्यांना विचारून कोणी दहावीच्या वर्गांतल्या मुलानें वहींत उतरवून घेतलें तरी पुरे. हें काम करावयास समुद्रांत उतरावें लागत नाहीं. मात्र फार उशीर करून चालणार नाहीं.