धवळ्यांची कुळकथा

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील राई, मुर्धे, मोरवे, गोडदेव, नवघर ही गावे आज इमारतींनी वेढलेली असली तरी मुळात आगरी वस्तीची आहेत, आणि मिठागरे, भातशेती व खाडीतील मासेमारी यांवर जगलेल्या या समाजाने ठाणे-रायगडच्या साऱ्या किनारपट्टीत लग्नविधीसाठी जे गाणे जपले त्याला धवळा म्हणतात. धवळा म्हणजे विवाहातील एकेका विधीशी बांधलेले, स्त्रियांनी वाद्याविना म्हणावयाचे मंगलगीत. ते म्हणण्याचा मान जिच्याकडे असतो ती धवलारीण. इतक्या कमी साधनांवर उभे राहिलेले आणि तरीही इतका जुना लिखित पुरावा असलेले दुसरे मराठी गाणे ओवीखेरीज सहसा दाखविता येणार नाही.

धवळ्याला वाद्याची साथ का नसते, याचे उत्तर त्याच्या कामात सापडते. मांडव उभा राहताना, देवांना लग्नाचे आवतण देताना, हळद लावताना धवलारीण जे म्हणते ते विधीच्या सोबतीला म्हटलेले गाणे नसते. ते म्हटल्यानेच विधी पुरा होतो, म्हणजे पुरोहिताच्या मंत्राचे काम येथे गीत करते. ज्या गीतात गावदेवापासून कुलदैवतापर्यंत एकेका देवाचे नाव घेऊन त्याला मांडवात बोलवायचे आहे, त्यातला प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असल्यामुळे चाल तीन-चार स्वरांच्या आतच फिरते, लय संथ राहते, आणि एकीने सोडलेली ओळ दुसरीने झेलावी एवढीच काय ती रचना उरते. या झेलण्यामुळे श्वासाला उसंत मिळते, पुढची ओळ आठवण्यास अवधी मिळतो आणि स्वर मात्र खंडत नाही. वाद्यवृंदाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या कितीतरी रचनांना जे साधत नाही ते, म्हणजे ऐकणाऱ्याला शब्दापाशी थांबवून धरणे, हे दोन गळे सहज साधतात.

या गाण्याचे कूळ शोधत गेल्यास पहिला भक्कम दाखला बाराव्या शतकातला मिळतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशात कोणते गीत कोणत्या प्रसंगी योजावे हे सांगताना विवाहासाठी धवल नेमून दिलेला आहे, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात ही प्रसिद्ध नोंदही त्याच ग्रंथातली आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा त्याने धवलाला प्रबंधांत, म्हणजे शास्त्राने अंगे ठरवून दिलेल्या गेय रचनांत, स्थान दिले आणि चार, सहा व आठ चरणांवरून त्याचे कीर्ती, विजय आणि विक्रम असे तीन भेद केले. मात्र आशीर्वचनांनी युक्त असे त्याचे लक्षण सांगून झाल्यावर, लोकांत रूढ असेल त्याप्रमाणे तो स्वेच्छेने गाइला तरी चालेल, अशी मुभाही शार्ङ्गदेव देतो. शास्त्रकाराने नियमाच्या शेजारीच ठेवलेली ही सवलत फार मोलाची आहे, कारण लोकांच्या तोंडी आधीपासून असलेले गाणे शास्त्राने नंतर नोंदवून घेतले, असाच तिचा अर्थ लावणे सयुक्तिक ठरते.

हे गाणे मराठीत काव्य म्हणून प्रथम उभे राहिले ते महदाईसेच्या हातून. महानुभाव पंथातील ही बुद्धिमान, सतत प्रश्न विचारणारी स्त्री चक्रधरांची शिष्या होती. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी विदर्भातील ऋद्धिपूर येथे स्वतःच्या लग्नाची लीळा मांडली असता, त्या प्रसंगासाठी तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा धवळ्यांत रचून गाइली, असे पंथीय परंपरा सांगते. या रचनेचा पूर्वार्ध १२८६-८७ च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या थोडा आधीचा मानला जातो, आणि त्यामुळे महदाईसा ही मराठीची पहिली ज्ञात कवयित्री ठरते. तिच्या श्रेष्ठत्वाची चर्चा बहुधा या पहिलेपणापाशीच थांबते, परंतु तिने निवडलेला साचा त्याहून अधिक लक्षणीय आहे. पंथातील पंडित संस्कृत काव्याचे वळण गिरवू शकत असताना तिने लग्नघरातल्या बायकांची सैल अक्षरांची, यमकाने बांधलेली चाल उचलली आणि द्वारकेच्या राजाचे लग्न तिच्यात बसविले. लग्नात बायका असे गात नसत्या, तर त्या क्षणी ही चाल तिच्या ओठी येण्याचे कारण नव्हते.

या कुळाच्या शाखा दूरवर पसरल्या आहेत. गुजरातेत वैष्णव स्त्रियांच्या तोंडी असलेले धोळ हे याच नावाचे भावंड आहे. पालघर-डहाणूकडील वारली आदिवासींत लग्न लावणारी धवलेरी असते, जिच्या गाण्याच्या साक्षीने भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकात पालघट देवीची स्थापना होते. मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तन, पाली, चौक व डोंगरी येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजात धवलारीण नाही, तरी लग्नगीत आहे. हा भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना लग्नात ओव्या गाण्यास मनाई केली होती. त्यानंतर तीनच वर्षांत वसई मराठ्यांकडे आली आणि हा भाग ज्या बेटात मोडतो त्या साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपली. वसई ते मुंबई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात, वधूवरांच्या स्नानासाठी विहिरीचे पाणी आणण्याच्या ‘उंबराचं पाणी’ या विधीच्या वेळी लग्नगीते मात्र आजही म्हटली जातात. त्यांना साथ घुमटाची. दोन्ही बाजूंनी उघड्या मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली.

१९८५ मध्ये काही ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदरला नगरपालिका झाली, २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. या वाढत्या शहरात हळदीची रात्र आधी बेंजो पार्टीने आणि पुढे डीजेने घेतली, यात नवल नाही, कारण ती रात्र नाचाची आहे आणि नाचाला ठेका हवाच. धवळ्याची खरी हानी दुसरीकडे झाली आहे. शेकडो ओळी पाठ असणाऱ्या धवलारणीशेजारी वर्षानुवर्षे बसून ओळ झेलणारी तरुण मुलगी आता क्वचितच असते. त्यामुळे संग्राहकांनी शब्द छापून ठेवले, तरी कोणत्या ओळीनंतर थांबायचे, कोणत्या देवाच्या नावावर स्वर लांबवायचे आणि विधी रेंगाळल्यास कोणते कडवे पुन्हा घ्यायचे, हे त्या छापील पानांत उतरत नाही.