सेलिया क्रूस हिचे द्विभाषिक बालचरित्र

चरित्रवाङ्मयाचा विचार करताना मुलांच्या चित्रपुस्तकांकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. मोनिका ब्राउन यांनी लिहिलेले व राफाएल लोपेझ यांनी रंगविलेले ‘माय नेम इज सेलिया / मे यामो सेलिया’ हे पुस्तक मात्र त्याला अपवाद मानावे लागेल. हव्हानाची विख्यात गायिका सेलिया क्रूस हिचे हे चरित्र २००४ साली अॅरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथून प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी व स्पॅनिश मजकूर शेजारीशेजार छापला आहे.

प्रकाशनाचे हे स्थळ लक्षात घेण्याजोगे आहे. याच अॅरिझोनाने २००० साली मतदानाने २०३ क्रमांकाचा प्रस्ताव संमत करून इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे सरकारी शाळांतील द्विभाषिक शिक्षण बव्हंशी बंद केले होते. शाळेच्या वर्गात जी भाषा नकोशी ठरली, ती येथे इंग्रजीच्या बरोबरीने पानावर बसली आहे. लोपेझ यांच्या चित्रांना २००६ साली पुरा बेल्प्रे सन्मान लाभला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील ज्या ग्रंथपाल स्त्रीच्या नावे तो दिला जातो, तिची सारी हयात स्पॅनिशभाषी मुलांना गोष्टी सांगण्यात गेली, हाही योग अर्थपूर्ण होय.

सेलियाचा जन्म १९२५ चा. वडिलांची इच्छा तिने शिक्षिका व्हावे अशी होती. परंतु १९५० साली ती ‘सोनोरा मातान्सेरा’ या वाद्यवृंदात दाखल झाली. १९६० च्या जुलैत या वृंदाबरोबर ती मेक्सिकोला गेली व परतली नाही. १९६२ साली आई निवर्तली, तेव्हा अंत्यविधीसाठीही क्यूबाच्या शासनाने तिला प्रवेश नाकारला.

पुस्तकाचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. सेलिया २००३ च्या जुलैत निधन पावली. म्हणजे पुस्तकातील ‘मी’ हा तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या लेखणीने धारण केलेला आवाज आहे. बालवाचकाला ही जवळीक सुखावते, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला आत्मकथनाचे प्रामाण्य देऊ नये. क्रांतीमुळे देश सोडावा लागल्याचा उल्लेख पुस्तकात आहे. तथापि क्रांतीच्या बाजूने वा विरुद्ध युक्तिवाद करणे या साहित्यप्रकाराला पेलणारे नव्हे, आणि तशी अपेक्षाही रास्त नव्हे.

‘आसुकार’, म्हणजे साखर, ही तिची रंगमंचावरील सुप्रसिद्ध आरोळी. मायामीच्या एका उपाहारगृहात कॉफीत साखर हवी का, असे विचारणाऱ्या वाढप्याला दिलेल्या उत्तरातून ती जन्मली, असे ती स्वतः सांगत असे. किस्सा गमतीचा खरा. पण क्यूबाची साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर पिकली, आणि तेथील गुलामगिरी १८८६ पर्यंत टिकली. आफ्रिकी वंशाच्या गायिकेच्या तोंडी तो शब्द कॉफीच्या पेल्यापुरता राहत नाही.

१९९० साली ग्वांतानामो येथील अमेरिकी नाविक तळावर गाण्यासाठी गेली असता तिने तेथील मूठभर माती सोबत आणली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वुडलॉन दफनभूमीत तीच माती तिच्याबरोबर पुरण्यात आली.