‘मूळ अर्थ’ कुणाचा? व्याकरणाच्या परीक्षेतल्या एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या महिन्यात माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण भाषा तपासून परत आलं. मी लिहिलं होतं, ‘१९४२ नंतर निबंध-परीक्षा मागे पडत गेल्याचं कागदपत्रांवरून दिसतं.’ परत आलेलं वाक्य होतं, ‘१९४२ नंतर निबंध-परीक्षा बंद झाल्या.’ वाक्य सुटसुटीत झालं, व्याकरण बिनचूक. फक्त ते माझं राहिलं नाही. माझा दावा सावध होता, नवा दावा ठाम आहे आणि तो चूकही आहे. व्हायव्हात कुणी पुरावा मागितला असता तर मी काय दाखवणार होते?

गंमत अशी, की माझ्या संशोधनाचा विषयच हा आहे. वाक्य दुरुस्त करताना अर्थ जपायचा म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या प्रमाणित परीक्षांनी कसं ठरवलं? जीमॅटची तयारी केलेल्यांना ‘सेंटेन्स करेक्शन’ आठवत असेल. वाक्याचा एक भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय, त्यातला पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं. क्लासवाले पहिल्याच दिवशी बजावतात, ‘अर्थ बदलायचा नाही.’ पण कुणी लिहिलेल्या वाक्याचा अर्थ? ते वाक्य तर कुणीच ‘म्हटलेलं’ नसतं, प्रश्न तयार करणाऱ्यानं मुद्दाम बिघडवलेलं असतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेज बोर्ड १९०० साली स्थापन झालं आणि १९०१ पासून त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. त्या लेखी होत्या, तपासायला माणसं बसायची. १९२६ मध्ये बहुपर्यायी सॅट आली, १९३८ मध्ये आयबीएमचं पेन्सिलच्या खुणा वाचणारं यंत्र आलं, आणि युद्धाच्या धांदलीत १९४२ मध्ये जुन्या पद्धतीच्या लेखी परीक्षा बोर्डानं थांबवल्या. (म्हणजे ‘बंद झाल्या’ बरोबरच की, असं म्हणाल. नाही. निबंध वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा परत येत राहिला, म्हणून तर मी ‘मागे पडत गेल्या’ लिहिलं होतं.)

मधल्या काळात एक फार छान प्रकार होता, ज्याकडे अभ्यासकांचं फारसं लक्ष जात नाही: ‘इंटरलिनियर’. विद्यार्थ्याला एक वाईट लिहिलेला उतारा द्यायचे. ओळींमध्ये मोकळी जागा असायची, तिथे त्यानं हातानं दुरुस्त्या करायच्या. चूक कुठे आहे ते त्यानंच शोधायचं, कशी सुधारायची तेही त्यानंच ठरवायचं. दोन विद्यार्थी दोन वेगळ्या वाटांनी बरोबर असू शकत. पण तपासायला माणूस लागायचा, म्हणजे वेळ आणि पैसा.

आणि माणसावर विश्वास उरला नव्हता. १९६१ मध्ये डायडरिक, फ्रेंच आणि कार्लटन यांनी ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि नऊ गटांत प्रतवारी करायला सांगितली. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या प्रती मिळाल्या! पुढे १९६६ मध्ये गॉडशॉक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: ६४६ विद्यार्थी, प्रत्येकाचे पाच निबंध, प्रत्येक निबंधाला पाच वाचक. म्हणजे एका विद्यार्थ्याची पंचवीस वाचनं. या भक्कम मोजपट्टीशी त्यांनी बहुपर्यायी प्रश्न ताडून पाहिले. त्यात वाक्य-दुरुस्तीचा प्रश्न चांगला उतरला. तुम्ही संख्याशास्त्रीय पद्धती शिकत असाल तर हा अभ्यास जरूर वाचा, रचना अजूनही देखणी आहे. पण लक्षात घ्या, यातून काय सिद्ध होतं? हा प्रश्न सोडवणारे साधारणपणे चांगलं लिहितात, एवढंच. प्रत्येक प्रश्नाचं ठरवलेलं उत्तर अर्थाच्या दृष्टीनं निर्विवाद आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. सहसंबंध आणि अर्थ या दोन गोष्टींची इथे सरमिसळ झाली, असं माझं मत आहे.

अडचण कुठे आहे ते मराठीत बघू. ‘पावसात भिजत घरी पोचून आईने मला चहा दिला.’ ‘-ऊन’ला दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो, त्यामुळे इथे भिजली ती आई. व्याकरणात काहीच चूक नाही. तरी आपण लगेच म्हणतो, ‘अगं, भिजलीस तू ना? मग पोचल्यावर लिही.’ हे आपल्याला व्याकरणानं नाही सांगितलं. बाहेरून येतो त्याला चहा मिळतो, या अनुभवानं सांगितलं. आणि समजा आईच बाहेरून आली होती?

दुसरं वाक्य त्याहून वाईट: ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत.’ एकही नाही, की काही झाले आणि काही राहिले? दोन्ही दुरुस्त्या शक्य आहेत आणि त्यांत कुणाच्या तरी निकालाचा फरक आहे. समोर बोलणारा असेल तर विचारता येतं. उत्तरपत्रिकेत विचारायची सोय नसते. तिथे ‘मूळ अर्थ’ म्हणजे प्रश्न तयार करणाऱ्यानं मनात धरलेला अर्थ, आणि विद्यार्थ्यानं तो पर्यायांवरून ओळखायचा.

हे सगळं एकदा चव्हाट्यावर आलं. ऑक्टोबर २००२ च्या पीसॅटमध्ये टोनी मॉरिसन यांच्यावर एक वाक्य होतं. मराठीत त्याची रचना साधारण अशी: टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेमुळे त्यांना अमुक प्रकारच्या कादंबऱ्या लिहिता येतात. यात चूक शोधायची होती आणि ठरलेलं उत्तर होतं, ‘चूक नाही’. मेरीलँडमधल्या एका हायस्कूल शिक्षकानं हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, इंग्रजीत ‘मॉरिसन यांची’ हे षष्ठीचं रूप विशेषणासारखं वागतं, सर्वनामाला मागे नाम हवं, त्यामुळे ‘त्यांना’ हे अधांतरी लटकतं. बोर्डानं आधी नकार दिला. शिक्षक हटले नाहीत, व्याकरणाच्या पुस्तकांचे दाखले देत राहिले. मे २००३ मध्ये बोर्डानं तो प्रश्न वगळून गुण पुन्हा मोजले. पीसॅटवर शिष्यवृत्त्या अवलंबून असतात, म्हणजे हा शब्दच्छल नव्हता.

आता सांगा, ते वाक्य वाचून कादंबऱ्या कुणी लिहिल्या याबद्दल कुणाला क्षणभर तरी शंका आली असेल का? अर्थ शंभर टक्के स्पष्ट होता. कित्येक भाषाशास्त्रज्ञांनी तेव्हाच लिहिलं की हा नियमच मुळात पोकळ आहे, चांगले लेखक तो सर्रास मोडतात. तरी बोर्ड अर्थाच्या बाजूनं उभं राहू शकलं नाही. कारण अर्थाला छापील दाखला नसतो, नियमाला असतो. मला त्या शिक्षकांबद्दल आदर वाटतो आणि ते चुकीचे होते असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली, त्यात सेंटेन्स करेक्शन नाही. क्लासवाल्यांच्या जाडजूड पुस्तकांची रद्दी झाली. माझ्यासाठी मात्र ती पुस्तकं आता ऐतिहासिक साधनं आहेत. तुम्हाला अशी जुनी पुस्तकं हाताळायची असतील तर एक सुचवते: बरोबर उत्तर आधी पाहू नका. चुकीचे चार पर्याय आधी वाचा आणि प्रत्येक पर्याय कोणत्या अर्थानं खरा ठरेल ते लिहून काढा. प्रश्नकर्त्यानं जगाबद्दल काय गृहीत धरलं होतं, ते तिथेच सापडतं.

आणि हो, माझं वाक्य मी पूर्ववत केलंय. समासात टीपही आली आहे: ‘फार लांबलं.’