समुद्राखालून गेलेली वीज

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली. समोरच्या घारापुरी बेटावर मात्र ती पोहोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडला! तोवर बेटावरच्या तीन वस्त्यांना जनरेटरचा उजेड मिळे, तोही संध्याकाळी तीनेक तास. नवी मुंबईजवळच्या न्हाव्याकडून महावितरणने समुद्रतळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची २२ किलोव्होल्टची केबल टाकली, तेव्हा हा प्रश्न सुटला.

इतकी वर्षे अडले कुठे? केबलची रचना पाहू. आत तांब्यासारखा वाहक, बाहेर धातूचे आवरण, मध्ये विद्युतरोधक. म्हणजे आपण शिकवतो तो कंडेन्सरच! प्रत्यावर्ती विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते आणि दर वेळी हा कंडेन्सर भारित करावा लागतो. केबल लांब आणि दाब जास्त असेल, तर तिची बरीचशी क्षमता यातच खर्ची पडते. म्हणून स्वीडनने १९५४ साली गॉटलंड बेटाला एकदिश वीज नेली. डेन्मार्कमधली विंडेबीची पहिली सागरी पवनचक्क्यांची रांग (१९९१) किनाऱ्यालगत होती. तिथे प्रत्यावर्ती वीज चालली. उत्तर समुद्रातल्या दूरच्या पवनचक्क्यांना पुन्हा एकदिश विजेकडे वळावे लागले.

साडेसात किलोमीटरला मात्र ही अडचण नगण्य. म्हणजे घारापुरीला विज्ञानाने अडवले नव्हते. मूठभर ग्राहकांसाठी एवढा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न होता. तो भौतिकशास्त्राच्या तासाला जरूर विचारावा, असे आम्हांला वाटते.