हळद, पेटंट आणि मावशीचा पाय

गेल्या शनिवारी अणदूरला मावशीकडे गेलो होतो. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव खंडोबाचं. इथली गंमत म्हणजे देव एकच, पण देवळं दोन. मूर्ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. (हायब्रीड मॉडेल आमच्या ऑफिसच्या कितीतरी आधीपासून चालू आहे!)

कपाळभर भंडारा लावून घरी आलो, तर मावशीच्या पायाच्या जखमेवरही हळदच. जखम दहा दिवसांची, त्यात मावशीला मधुमेह.

"दवाखाना कशाला रे? हळदीचं अमेरिकेनं बी मान्य केलंय की," मावशी म्हणाली.

आता हे 'मान्य केलंय' प्रकरण नेमकं काय आहे?

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या सुमन दास आणि हरिहर कोहली या दोघांच्या कामावर, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. एकूण ३२ संदर्भ सादर केले. त्यात जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण मंडळी, खरी मेख इथेच आहे. पेटंट ऑफिसपुढचा प्रश्न 'हे आधीपासून माहीत होतं का?' एवढाच होता. 'हळदीने जखम खरंच बरी होते का?' हा प्रश्नच नव्हता. आपण जिंकलो ते प्रायर आर्टवर, टेस्ट रिपोर्टवर नाही!

टेस्टचं म्हणाल, तर हळदीतल्या कर्क्युमिनचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत भरपूर दिसलेत. पण ते पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. २०१७ साली जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमधल्या एका आढाव्याने तर माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांनंतरही ठोस यश नसल्याचं दाखवून दिलं. जिंकगोच्या पानांचीही तीच कथा. परीक्षानळीत अर्काचे गुण दिसतात, पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ३,०६९ ज्येष्ठांवरच्या चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश काही टळला नाही.

हे सगळं मावशीला कसं सांगणार? शेवटी एवढंच म्हणालो, "मावशे, हळद आपली आहे हे अमेरिकेनं मान्य केलंय. तुझा पाय बरा होईल, असं कुणी लिहून दिलेलं नाही."

बराच वेळ ती गप्प बसली. मग पदर सावरून उठली. दवाखान्यात जखम साफ केली तेव्हा आत पू निघाला. अजून आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

असो. भंडारा आता मावशीच्या कपाळावर आहे, आणि पायाला स्वच्छ पट्टी.